बाकाखालचे पुस्तक बाकावर

कॉमिक्सचा जन्म शाळेत झाला. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

रोदोल्फ तोफेर हे जिनिव्हातले एक मास्तर. वडील नावाजलेले चित्रकार. मुलालाही चित्रकारच व्हायचे होते. डोळ्यांच्या दुखण्यामुळे ते राहून गेले, तोफेर शिक्षणाकडे वळले आणि मुलांसाठी त्यांनी निवासी शाळा काढली. सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन ते आल्प्सच्या वाटा पायी तुडवीत. एरवी संध्याकाळी मुले भोवती कोंडाळे करून बसली की वहीत चौकटी आखून गोष्टी काढीत. चौकटीत भराभर ओढलेल्या रेघांची चित्रे, खाली एखाद-दुसरी ओळ. प्रेमापायी वेडापिसा झालेल्या एका गृहस्थाची फजिती त्यांनी १८२७ साली अशीच काढली. वह्या हातोहात फिरत राहिल्या आणि १८३०-३१च्या हिवाळ्यात वायमारला महाकवी गटे यांच्यापर्यंत पोचल्या. गटे तेव्हा ८१ वर्षांचे होते. त्यांनी त्या मनापासून वाचल्या आणि वाखाणल्या. मग कुठे तोफेरांना छापायचा धीर आला.

छापण्याची रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. तोफेर खास शाईने साध्या कागदावर काढत. तो कागद शिळेवर दाबला की अक्षरे उलटी लिहिण्याची खटपट न करता हाताची रेघ जशीच्या तशी छापून येई. मध्ये खिळे जुळवणारा नाही, लाकडावर कोरणारा नाही. मास्तरांचा हात आणि वाचकाचा डोळा यांच्यात फक्त एक दगड. त्याच सुमारास, १८३१ साली, मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले होते. म्हणजे दगड आपल्याकडेही होता. त्यावर तिथी-नक्षत्रे उमटली. शाळकरी पोराच्या वहीला त्या दगडापर्यंत जायची वाट नव्हती.

मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८४५ मध्ये, तोफेरांनी चेहऱ्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातले म्हणणे सरळ आहे. चेहरा म्हणून कागदावर कितीही वेडावाकडा आकार काढा, त्याला काही ना काही भाव येतोच. भुवई जरा उचला, ओठाची रेघ जरा खाली वळवा, भाव बदलतो. हा बदल नीट पाहत गेले की हुबेहूब चित्र काढण्याचे शिक्षण नसलेल्या माणसालाही चित्रांतून गोष्ट सांगता येते.

आज कुठल्याही गावात, कुठल्याही शाळेत मुलांची कॉमिक्स कार्यशाळा भरली की पहिल्या पाव तासात काय होते ते पाहा. फळ्यावर एक गोल. दोन ठिपके. वर दोन रेघा, खाली एक. "हा कसा दिसतोय?" मुले ओरडतात, "झोपाळू!" रेघा तिरक्या केल्या की, "रागावलाय!" एक तिरकी आणि एक सरळ केली की वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, "खोटं बोलतोय." शिकवणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, तो तोफेर मास्तरांचाच धडा गिरवून घेत असतो. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कॉमिक्स करून घेणे हा शाळेत बाहेरून आणलेला नवा खेळ नाही. ते घरी परत आले आहे, आणि परतायला त्याला जवळजवळ दोनशे वर्षे लागली आहेत.

मधल्या काळात काय झाले, ते बघितल्याशिवाय या परतण्याची किंमत कळत नाही.

१८६५ साली जर्मनीत विल्हेल्म बुशने माक्स आणि मोरित्स या दोन द्वाड पोरांची चित्रगोष्ट काढली. पुढे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी रंगीत पुरवण्या काढल्या, आणि १९३०च्या दशकात सुटी कॉमिक्स पुस्तके निघू लागली. धंदा वाढला. गोष्ट मुलांसाठी होती, पैसे मुलांच्या खिशातले होते, पण पेन्सिल मोठ्यांच्या हाती गेली. मग मोठ्यांचे मोठ्यांशी भांडण सुरू झाले. १९४८ च्या ऑक्टोबरात वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावी शाळेच्या आवारात कॉमिक्सचा ढीग रचून पेटवण्यात आला, आणि तो ढीग जमवला होता मुलांनीच. त्याच वर्षी डिसेंबरात न्यू यॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला हेच झाले. पुस्तकांच्या होळ्या पाहून जगाने नुकतेच एक महायुद्ध भोगले होते, तरीही.

१९५४ साली फ्रेडरिक वर्थॅम या मनोविकारतज्ज्ञाचे पुस्तक आले. कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, असे त्यात मांडले होते. वर्थॅम दुष्ट माणूस नव्हता. न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्याने उपचारकेंद्र चालवले होते आणि वर्णभेदी शाळांविरुद्ध साक्षही दिली होती. म्हणूनच त्याचे म्हणणे वजनदार ठरले. सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि त्याच वर्षी अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवरच नियमावली लादून घेतली. वर्थॅमची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. दोन वर्षांनी कॅरल टिली या संशोधिकेने दाखवून दिले की मुलांच्या जबान्यांत त्याने सोयीचे फेरफार केले होते: कोणाचे वय बदलले, कोणाचे बोलणे तोडले, दोघांचे मिळून एक केले. मुले त्याच्याशी मोकळेपणी बोलली होती आणि त्यांचे बोलणेच त्याने मोडून वापरले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलते ते हेच.

फ्रान्सने १९४९ मध्ये, ब्रिटनने १९५५ मध्ये कायदे केले. स्वतंत्र भारताच्या संसदेनेही १९५६ मध्ये तरुण व्यक्तींसाठी हानिकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा संमत केला. चित्रांतून गुन्हा, हिंसा, क्रौर्य दाखवणाऱ्या गोष्टी त्याच्या कक्षेत आल्या. आपल्याकडे कॉमिक्सचे मासिक रूप नीट रुजण्याआधीच त्यावरची धास्ती कायद्यात उतरली होती. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि पुढे त्यातला नायक वेताळ मराठीत बोलू लागला, तेव्हा तो घराघरांत आला खरा, पण भूगोलाच्या पुस्तकात दडून. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचे वेताळाशी नाते असे बाकाखालचे आहे. पाचवीत असताना मी वहीच्या मागच्या पानांवर स्वतःचा एक वेताळ काढला होता, सह्याद्रीत राहणारा. ती वही जप्त झाली आणि परत मिळाली नाही. ते पान गेल्याचे दुःख मला अजून आहे. ते चित्र चांगले होते म्हणून नव्हे. त्याची पुढची चौकट माझ्या डोक्यात तयार होती आणि ती काढायची राहून गेली.

१९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्रकथा सुरू केली. भारतीय मुलांना ग्रीक देव माहीत आहेत पण रामाच्या आईचे नाव सांगता येत नाही, हे दूरचित्रवाणीवरच्या एका प्रश्नमंजूषेत पाहून ते अस्वस्थ झाले होते. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा महाराष्ट्रातल्या चित्रकारांच्या हातांनी ती मालिका उभी राहिली. १९७८ साली प्रकाशकांनी दिल्लीत शालेय शिक्षणातल्या चित्रकथेच्या स्थानावर चर्चासत्र भरवले. पै यांनी एका अर्थाने कॉमिक्सला बाकाखालून काढून टेबलावर ठेवले, आणि त्यांचे हे ऋण मोठे आहे. १९८० मध्ये त्यांनी टिंकल काढले, तेव्हा आणखी एक दार किलकिले झाले. वाचकांनी पाठवलेल्या गोष्टींना तिथे जागा होती. सगळ्यांचा लाडका सुपंदी तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाच्या टपालातून आला आणि वाईरकरांनी त्याला तोंडावळा दिला. पण काढायचे मोठ्यांनीच. चित्रकार मोठा, वाचक लहान, ही वाटणी तशीच राहिली. मार्च २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने पाठ्यपुस्तकांवर बेतलेली शंभराहून अधिक कॉमिक्स शाळांसाठी प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे ती करणाऱ्यांत शिक्षकांबरोबर विद्यार्थीही होते.

कॉमिक्स जाळणारे आणि कॉमिक्स वाटणारे एवढे कडाडून भांडले, पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत होते. मूल वाचणार. त्याने काय वाचावे एवढेच ठरवायचे. मूल काय काढेल, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला.

विचारणारे होते, नाही असे नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेकने १८९७ मध्ये मुलांसाठी चित्रवर्ग सुरू केला आणि मुलाचे चित्र हे मोठ्याच्या चित्राची कच्ची नक्कल नसते, ते स्वतःच्या पायावर उभे असते, हे युरोपला पटवले. फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ मध्ये वर्गात छोटे छपाईयंत्र आणले. मुलांनी लिहायचे, मुलांनीच छापायचे, शेजारच्या शाळेला पाठवायचे. आपल्याकडे बोर्डीला आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांकडे नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. चित्र, गाणे, माती हे त्यांच्या शिक्षणात शोभेला नव्हते.

पण सर्वसाधारण मराठी शाळेत चित्रकलेचा तास वेगळ्या वाटेने आला. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ची. इंग्रज सरकारला डोळा आणि हात तयार असलेले कारागीर हवे होते, आणि चित्रकला शिकवण्याची जी शिस्त तिथून खाली झिरपली तिचा कणा अचूकपणा हा होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा पिढ्यान्‌पिढ्यांनी दिल्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांना रंगपेटी दिली, काहींना थेट कलाशाळेपर्यंत नेले, हे मान्यच करायला हवे. पण तिथे चित्र एकीकडे राहिले आणि गोष्ट दुसरीकडे. गोष्ट मराठीच्या तासाला, चित्र चित्रकलेच्या तासाला, आणि दोन्ही वह्या वेगवेगळ्या.

त्याचा परिणाम नवव्या-दहाव्या वर्षी दिसतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९४७च्या आपल्या ग्रंथात हे वय नेमके टिपले आहे. या वयात मुलाला खरे दिसायला हवे असते, हात तेवढा चालत नाही, आणि कालपर्यंत भिंती रंगवणारे पोर एक दिवस म्हणते, "मला चित्र येत नाही." ते वाक्य मग आयुष्यभर पुरते. शिक्षकांच्या कार्यशाळेत चाळिशीतल्या बाई हेच वाक्य म्हणतात, त्याच सुरात. कॉमिक्स या अडलेल्या जागी उपयोगी पडते, कारण तिथे चित्राला खरे दिसायचे नसते. कळायचे असते. काडीचा माणूस पळतोय हे कळले, की काम झाले.

आपल्याकडे याला एक जवळची परंपरा होती, शाळेचे हस्तलिखित. वर्षातून एकदा मुलांच्या कविता, गोष्टी, कोडी गोळा करून सुवाच्य अक्षरात उतरवायच्या, कडेने नक्षी काढायची, बांधणी करायची, आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. किती मायेने केलेली असत ती हस्तलिखिते. पण लिहायचा एक, उतरवायचा अक्षर चांगले असलेला दुसरा, मुखपृष्ठ बहुतेक चित्रकलेच्या सरांचे. आणि प्रत एकच, ती काचेच्या कपाटात. ज्याचे अक्षर वाईट, ज्याची रेघ वाकडी, त्याचा हात त्या पानाला लागतच नसे.

आता कार्यशाळेकडे येतो. तिथे खरोखर काय चालते, ते बारकाईने पाहिले पाहिजे.

चेहऱ्यांचा खेळ झाला की मुलांना एक कागद मिळतो. ए-फोर कागद तीनदा दुमडायचा, उलगडायचा, मधल्या घडीवर कात्रीने एक चीर द्यायची आणि पुन्हा दुमडला की आठ पानांचे पुस्तक. टाचणी नाही, डिंक नाही. ते हातात उभे राहिले की वर्गात जो आवाज होतो, तो एकदा ऐकावा. पाने भरायच्या आधीच मुले मागच्या पानावर किंमत लिहितात.

मग गोष्ट. पहिल्या फेरीत बहुतेक मुले दिनक्रम काढतात: उठलो, दात घासले, अंघोळ केली, शाळेत गेलो. निबंधाची सवय ही. चारच चौकटी आहेत म्हटल्यावर दात घासणे गळते, अंघोळ गळते, आणि राहते ते हे की शाळेत जाताना वाटेत कुत्रा आडवा आला. काय गाळायचे हे शिकवणे फार अवघड असते. इथे कागद ते शिकवतो. दोन चौकटींमधली पांढरी पट्टी वाचणाऱ्याच्या मनात भरून निघते. स्कॉट मॅक्लाउडने १९९३च्या पुस्तकात यावर विस्ताराने लिहिले आहे. चौथीतल्या मुलीला हे पुस्तक न वाचता कळते. पहिल्या चौकटीत ती दगड उचलते, दुसऱ्या चौकटीत फुटलेली काच दाखवते, आणि दगड फेकतानाचे चित्र काढतच नाही. कारण विचारले तर म्हणते, "ते कळतंच ना."

फुग्यांचे शास्त्र वेगळे. मुले आधी फुगा काढतात, मग त्यात वाक्य कोंबतात, आणि शेवटचा शब्द मुंगीएवढा होऊन कडेला चिकटतो. आधी अक्षरे, मग भोवती फुगा, हे एकदा सांगावे लागते. इथे देवनागरीचा स्वतःचा हिशोब आहे. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळी अक्षरे सारख्या उंचीच्या मोठ्या लिपीत बसतात, त्यामुळे त्या भाषेतली तंत्राची पुस्तके आपल्याला पुरत नाहीत. आपल्या ओळीच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, पायाशी उकार. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून अंतर जास्त ठेवायचे, वाक्य लहान करायचे. पण तीच लिपी जे देते ते दुसरीकडे मिळणार नाही. शिरोरेषा थरथरती काढली की शब्द भ्यालेला दिसतो. ती तोडली की शब्द फुटतो. जाड ओढली की बोलणारा दरडावतो. हे मुलांनीच शोधून काढलेले मी पाहिले आहे.

आणि आवाज. सुरुवातीला प्रत्येक पानावर "धिशुम" आणि "बूम" असते, सिनेमातून आलेले. मग विचारायचे: सकाळपासून घरात काय काय ऐकलेस? खणकन पडलेली वाटी, भाकरी थापताना थप थप, पत्र्यावर ताडताड पाऊस, करकरणारे दार, सुळकन गेलेली पाल, धप्पकन बसलेले आजोबा, चर्रर्र फोडणी. मराठीत हा साठा केवढा मोठा आहे! व्याकरणाच्या पुस्तकात तो अनुकरणवाचक शब्द म्हणून दोन ओळींत संपतो. कार्यशाळेत तो फळा भरून उरतो, आणि हे शब्द सगळ्यांत जास्त त्या मुलांकडे असतात जी तासाला कधी बोलत नाहीत.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते फुग्यातले बोलणे. निबंधात मालवणी मुलाने "खंय चललंस?" लिहिले तर लाल रेघ येते. नागपूरकडच्या मुलाने "काय करून राहिला बे?" लिहिले तर तेच. फुग्यात मात्र हेच बरोबर असते, कारण ते कोणाच्या तरी तोंडचे आहे. आजी प्रमाण मराठी बोलली तर चित्र खोटे पडते. चौकटीच्या वरच्या पट्टीत मूल "दुसऱ्या दिवशी सकाळी" असे पुस्तकी मराठी लिहिते आणि खाली फुग्यात घरची बोली. दोन्ही भाषा एकाच चौकटीत, आपापल्या जागी. अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, गोंडी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना शाळेत स्वतःचा आवाज कागदावर उतरलेला बघायला मिळतो, आणि लाल रेघेशिवाय मिळतो. भाषाशिक्षणावर एवढी चर्चा करणाऱ्या राज्यात हे प्रत्येक शाळेत का होऊ नये, हे मला कळत नाही.

हे होऊ शकते, याचे दाखले आहेत. व्यंगचित्रकार शरद शर्मा यांनी वर्ल्ड कॉमिक्स इंडियाच्या माध्यमातून गावोगाव लोकांना कॉमिक्स काढायला शिकवले. फिनलंडचे लेफ पाकालेन आणि शर्मा यांनी मिळून २००७ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. पद्धत अगदी साधी. दोन ए-फोर कागद जोडायचे, चार चौकटी, काळी शाई, आणि झेरॉक्स. मग ते भिंतचित्र पाणवठ्यापाशी, चहाच्या टपरीवर, शाळेच्या भिंतीवर चिकटवायचे. तोफेरांचा दगड आणि गावातले झेरॉक्सचे दुकान यांच्यात मला फरक दिसत नाही. काढणाऱ्याचा हात तसाच्या तसा वाचणाऱ्यापर्यंत जातो. न्यू यॉर्कमध्ये मायकेल बिट्झ यांनी २००१ पासून शाळा सुटल्यानंतरचे कॉमिक्स वर्ग चालवले. मुले महानायक काढतील असा सगळ्यांचा अंदाज होता; अनेकांनी काढले ते आपल्या गल्लीतले, आपल्या शाळेतले, आपल्याला छळणाऱ्यांचे जग. विस्कॉन्सिनला लिंडा बॅरी आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या जोड्या चार वर्षांच्या मुलांशी लावतात, शिकवायला नव्हे, शिकायला. फ्रान्समध्ये आंगुलेमला १९७४ पासून भरणाऱ्या कॉमिक्स महोत्सवात शाळकरी मुलांच्या कॉमिक्सची स्वतंत्र स्पर्धा असते.

आपल्याकडेही कार्यशाळा वाढल्या आहेत, याचा आनंद आहे. पण त्यातल्या बऱ्याच मला खटकतात, आणि ते स्पष्ट लिहायला हवे. उन्हाळी शिबिरात दोन तास, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. टीव्हीवरचे पात्र बघून बघून उतरवायचे, त्याला कार्टून शिकणे म्हणायचे. विषय आयोजक देणार: स्वच्छता, पाणी वाचवा, झाडे लावा. आणि शेवट ताई सुधारून देणार, म्हणजे कचरा टाकणारा मुलगा चौथ्या चौकटीत हात जोडून उभा. एखाद्या मुलाने चौथ्या चौकटीत त्याला तसाच निघून जाताना दाखवले, तर त्याने काहीतरी पाहिलेले असते. ते पुसायला लावू नये. चित्र दुरुस्त करायचीही गरज नसते. ज्याने उत्तराचा फुगा डावीकडे आणि प्रश्नाचा उजवीकडे काढला आहे, त्याला फक्त सांगायचे, "शेजाऱ्याला वाचायला दे." शेजारी उलटे वाचतो, हसतो, आणि चूक कागदावर आपोआप उघडी पडते. लिहिणाऱ्याला वाचक मिळणे, याहून चांगला शिक्षक मी पाहिलेला नाही.

मोठ्यांनीही या कामात हात लावला तर तो असा असावा, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली, आणि बेरजा-वजाबाक्यांच्या पानांवर मुले चित्रांसाठी रेंगाळू लागली. 'चित्रहास'च्या कार्यक्रमांत ते प्रेक्षकांपुढे रेघ काढत, ती कुठून निघते आणि कशाचे काय होते ते दाखवत. बालभारतीने १९७१ पासून चालवलेले 'किशोर' मासिकही आहे. मुलांच्या चार चौकटींना त्याच्यासारखी जागा नियमाने मिळाली, तर राज्यभरच्या मुलांना एकमेकांचे वाचायला मिळेल.

त्याहून जुने काहीतरी पिंगुळीला आहे. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतली चित्रे एकेक करून समोर धरतात आणि रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगतात. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचे संग्रहालय उभारले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथी म्हणजे कॉमिक्स नव्हे. तिथे चौकटी जोडणारा धागा गाणाऱ्याचा गळा असतो. पण कार्यशाळेच्या शेवटी मुले आपले पान छातीशी धरून उभी राहतात, बोट ठेवत एकेक चौकट वाचून दाखवतात, फुग्यांसाठी आवाज बदलतात, तेव्हा ती त्याच अंगणात उभी असतात. सिंधुदुर्गातल्या शाळांनी चित्रकथी आणि कॉमिक्स शेजारी शेजारी शिकवले, तर काय काय होईल याची मला उत्सुकता आहे.

माझे मागणे छोटे आहे. डी.एल.एड.च्या अभ्यासक्रमात होणाऱ्या शिक्षकांनी स्वतः चार चौकटी काढाव्यात, आपल्या लहानपणच्या, आणि त्या वर्गापुढे वाचाव्यात. वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्याला मराठीचा आणि चित्रकलेचा एक तास जोडून द्यावा. झेरॉक्सचा खर्च शाळेच्या अनुदानातून व्हावा. आणि महिन्याच्या शेवटी मुलांची आठ पानी पुस्तके काचेच्या कपाटात न ठेवता ग्रंथालयाच्या उघड्या फळीवर ठेवावीत. ग्रंथपालबाईंनी दाखल नोंदवही उघडावी, शिक्का मारावा, दाखल क्रमांक घालावा, पुस्तकाचे नाव लिहावे, आणि लेखकाच्या रकान्यात त्या मुलीचे नाव घालावे, इयत्ता आणि तुकडीसह. किंमत तिने मागच्या पानावर आधीच लिहिलेली असेल.